ब्रिक्स की ब्रसेल्स? अभिरूप परराष्ट्रमंत्री परिषद भरवण्याआधी

अभिरूप युवा संसद आता कॉलेजांच्या अंगवळणी पडली आहे. राज्यशास्त्र विभागाला त्यापुढचं काही करायचं असेल, तर परराष्ट्रमंत्र्यांची बैठक हा चांगला पर्याय आहे. संभाजीनगर, लातूर, नांदेडकडे त्यासाठी दोनच साचे प्रामुख्याने विचारात येतात. एक ब्रिक्सच्या (ब्राझील, रशिया, भारत, चीन, दक्षिण आफ्रिका आदी देशांच्या गटाच्या) परराष्ट्रमंत्र्यांचा, दुसरा ब्रसेल्सचा, म्हणजे युरोपीय संघाच्या परराष्ट्र व्यवहार परिषदेचा. सदस्य कोण आणि स्थापना कधीची, हे वाचणाऱ्याला ठाऊक असणार. प्रश्न एवढाच, की तीस-पस्तीस मुलं, एक हॉल आणि एखाद-दीड दिवस हाताशी असताना कोणता साचा चालतो.

ब्रिक्सचं पारडं वरकरणी जड आहे. २०२६चं अध्यक्षपद भारताकडे आहे. दहा देश धरले आणि प्रत्येकाला तीन मुलं दिली (मंत्री, सचिव आणि मसुदा लिहिणारा), की वर्ग भरतो. रशिया, इराण, चीन काय बोलणार याचा अंदाज रोजचं वर्तमानपत्र वाचणाऱ्याला असतो. तयारीला आठवडा पुरतो, बैठक एका दिवसात आटोपते. वर्गात पंधरा-वीसच मुलं असतील तर पुढचं वाचायचीही गरज नाही, ब्रिक्स घ्या.

अडचण दुपारी साडेतीननंतर सुरू होते. ब्रिक्समध्ये मतदान नाही, सगळं सहमतीवर. मसुदा पडद्यावर लावला जातो आणि वादाचे शब्द चौकोनी कंसात जातात. पहिल्या तासात कंस दहा असले तर तिसऱ्या तासात पंचवीस होतात. तिघं-चौघं तयारीची मुलं कोपऱ्यात एका क्रियापदावर भांडतात आणि बाकीची मोबाइल काढतात. जायकवाडीच्या पाण्यावर ‘समन्यायी’ या शब्दाला सगळे माना डोलावतात आणि किती टीएमसी म्हटलं की बैठक उठते, तसलाच प्रकार. इतपतही चाललं असतं, पण या साच्याला एक चोरदरवाजा आहे. कुणीतरी अनुभवी विद्यार्थी उठून म्हणतो, ‘संयुक्त निवेदन जमत नसेल तर अध्यक्षांचं निवेदन काढा.’ पाच मिनिटांत अध्यक्ष आपल्या सहीने गोलमोल दोन पानं काढतात आणि सगळे चहाला मोकळे. कुणी हरत नाही, कुणाला काही सोडावं लागत नाही.

मुलांना यात दोष देता येत नाही, खऱ्या बैठकांतही हेच होतं. एप्रिल २०२५मध्ये रिओ दि जानेरोला ब्रिक्सचे परराष्ट्रमंत्री जमले. सुरक्षा परिषदेच्या सुधारणेवरच्या शब्दांवर जुळलं नाही आणि यजमान ब्राझीलने अध्यक्षांचं निवेदन काढलं. जी-२०च्या परराष्ट्रमंत्र्यांचं मार्च २०२३मध्ये दिल्लीत तेच झालं. तिथल्या दस्तऐवजाला तळटीप आहे, की परिच्छेद ३ आणि ४ रशिया व चीन सोडून सर्वांना मान्य आहेत. ती तळटीप वर्गात दाखवण्यासारखी आहे, पण दिवसभराच्या मेहनतीचं फळ म्हणून तीच हाती आली की मुलं हिरमुसतात.

युरोपच्या परिषदेत हा दरवाजा बंद करता येतो. त्यासाठी विषय नीट निवडावा लागतो. रशियावरच्या आर्थिक निर्बंधांना सहा-सहा महिन्यांची मुदतवाढ देण्याची पद्धत आहे आणि मुदत ३१ जानेवारी व ३१ जुलैला संपते. कार्यक्रमपत्रिकेवर हीच मुदतवाढ ठेवा, भिंतीवरच्या घड्याळात चार वाजता मुदत संपते असं आधीच जाहीर करा. परराष्ट्र धोरणाला एकमत लागतं, म्हणजे हंगेरीसारखा एकटा देशही अडवू शकतो. पण चार वाजेपर्यंत जमलं नाही तर निर्बंध आपोआप गळून पडतात आणि अध्यक्षांच्या निवेदनाने ते परत येत नाहीत. त्यामुळे पावणेचारला हंगेरीच्या टेबलाभोवती जी गर्दी होते, ती ब्रिक्सच्या हॉलमध्ये कधीच होत नाही.

दुसऱ्या सत्रात व्यापार घ्या. नियमही बदलतो आणि खुर्चीही. एरवी अध्यक्षस्थानी संघाच्या परराष्ट्र व्यवहारांच्या उच्च प्रतिनिधी असतात, सध्या काया कालास. व्यापार आला की फिरतं अध्यक्षपद ज्या देशाकडे असेल त्याचा मंत्री तिथे बसतो. २०२६च्या उत्तरार्धात तो आयर्लंडचा. खुर्चीवरून खरोखर उठवा. नियम बदलल्याचं मुलांच्या डोक्यात तेव्हाच शिरतं.

व्यापारात बहुतेक निर्णय दुहेरी बहुमताने होतात. २७पैकी १५ देश (म्हणजे किमान ५५ टक्के) हवेत आणि त्यांची लोकसंख्या संघाच्या ६५ टक्के हवी. अडवायचं असेल तर ३५ टक्क्यांहून जास्त लोकसंख्या आणि किमान चार देश लागतात. फळ्यावर हे एकदा मांडून दाखवा: जर्मनी, फ्रान्स, इटली मिळून साधारण ४७ टक्के होतात, तरी तिघांना अडवता येत नाही. चौथा लागतो, आणि तो माल्टा असला तरी चालतो. एरवी मागच्या बाकावर बसणाऱ्या माल्टाच्या विद्यार्थिनीला इथे भाव येतो.

हमखास चूक होते ती ‘तटस्थ’ या शब्दावर. परराष्ट्र धोरणात तटस्थ राहिल्याने एकमत मोडत नाही. वर औपचारिक घोषणा केली तर त्या देशावर निर्णय राबवण्याचं बंधनही राहत नाही. २००८मध्ये संघाच्या कोसोव्होतल्या मोहिमेवेळी सायप्रसने हेच केलं. व्यापाराच्या मतदानात मात्र १५ होकार मोजायचे असतात, त्यामुळे तटस्थ म्हणजे व्यवहारात विरोधच. चिनी इलेक्ट्रिक मोटारींवरच्या शुल्काचं ऑक्टोबर २०२४चं मतदान कुणी उदाहरण म्हणून आणेल: १० बाजूने, ५ विरोधात, १२ तटस्थ, तरी शुल्क लागलं. ते मतदान परिषदेत नव्हे, सदस्य देशांच्या समितीत झालं होतं आणि तिथे प्रस्ताव पाडायलाच दुहेरी बहुमत लागतं. हा फरक कागदावर छापून वाटला नाही तर अर्धा तास त्यातच जातो.

‘भारत टेबलावर नाही’ ही तक्रार येणारच, आणि ती खोटी नाही. तिच्यावर उतारा म्हणून व्यापाराच्या सत्राला भारताशी मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी हाच विषय द्या आणि काळ जून २०२२चा ठेवा. २००७ला सुरू होऊन २०१३ला थांबलेली बोलणी तेव्हा पुन्हा सुरू झाली. आपल्याविषयी २७ जण आपल्यासमोर काय बोलतात हे ऐकण्यात वेगळीच मजा आहे. मोटारींवरच्या भारतीय आयातशुल्काचा मुद्दा निघाला, की चेक प्रजासत्ताकाच्या बाजूने बोलणाऱ्याला शेंद्र्याची स्कोडा आठवते. फ्रान्स, इटली भौगोलिक मानांकनाचा आग्रह धरतात, तेव्हा पैठणीचं उदाहरण घरचंच असतं. जालन्यात मात्र पोलादावरच्या कार्बन सीमाशुल्काचा (माल बनवताना झालेल्या कार्बन उत्सर्जनावर संघ आयातीच्या वेळी आकारतो त्या शुल्काचा) विषय घ्यायचा मोह होतो, तो टाळा. तो नियम संघाने पर्यावरणाच्या कलमाखाली केला आहे; व्यापारमंत्र्यांच्या सत्रात तो बसत नाही.

युरोपचे तोटेही आहेत. तयारीला तीन आठवडे लागतात, कारण स्लोव्हेनिया किंवा लॅटव्हियाची भूमिका मराठीत कुठेच सापडत नाही. इंग्रजी कागदांवरून प्रत्येक देशाचं एक पान मराठीत करून द्यावं लागतं. माणसंही एकतीस लागतात: सत्तावीस मंत्री, उच्च प्रतिनिधी, युरोपीय आयोगाचा (संघाच्या कार्यकारी मंडळाचा) एक आणि सचिवालयाचे दोन. मुलं कमी असतील तर देश बारा करा, पण मग ५५ टक्के म्हणजे सात देश आणि लोकसंख्येचे टक्के त्या बारांच्याच बेरजेवर नव्याने काढा. एका विद्यार्थ्याला दोन देश देणार असाल तर जर्मनी आणि फ्रान्स एकाच्या हाती देऊ नका.

ज्या विभागात पहिल्यांदाच असं काही होतंय, तिथे ब्रिक्स सोपं जाईल हे खरं. तरी वर्ग तीसच्या वर असेल आणि तीन आठवडे मिळत असतील, तर युरोपच्या कागदांची झेरॉक्स काढायला आजच द्या. लोकसंख्येच्या टक्क्यांचा तक्ता मात्र प्रत्येक टेबलावर वेगळा हवा. एकच प्रत भिंतीवर लावली की मतदानाच्या वेळी सगळे तिथेच जमतात आणि घड्याळ चालूच असतं.