वर्डचा इक्वेशन एडिटर, सात महिन्यांच्या वापरानंतर: पूर्णविराम दिला की अपूर्णांक का आकसतो

ऑल्ट आणि = दाबलं, चौकट आली, ३/४ टाइप करून स्पेस दिली. अंश वर, छेद खाली, मध्ये ठळक रेघ. चौथीच्या मुलाला वाचता येईल असा अपूर्णांक. मग चौकटीबाहेर येऊन पुढे पूर्णविराम दिला आणि तोच अपूर्णांक आकसून बारीक झाला. मराठी प्राथमिक शाळेसाठी वर्डमध्ये सरावपत्रिका करणाऱ्या प्रत्येकाला हे दिसलेलं असणार. बहुतेक जण फाइल बिघडली असं समजून सगळं पुसतात आणि पुन्हा टाइप करायला बसतात.

फाइल बिघडलेली नसते. वर्डमध्ये समीकरणाचे दोन प्रकार असतात. परिच्छेदात समीकरण एकटंच असेल तर ते ‘डिस्प्ले’, म्हणजे स्वतंत्र ओळीतलं, पूर्ण मापाचं. त्याच ओळीत चौकटीबाहेर एक अक्षर जरी आलं, मग तो पूर्णविराम असो की पुढचा ‘प्र. १’, की वर्ड त्याला ‘इनलाइन’ करतो आणि ओळीची उंची वाढू नये म्हणून अंश-छेद लहान करतो. १२ पॉइंटच्या मजकुरात ते साधारण ९ पॉइंटचे होतात. संशोधनाच्या लेखात हे योग्यच आहे. पण नऊ वर्षांच्या मुलासमोर झेरॉक्सची झेरॉक्स जाते, तिथे ९ पॉइंटचा इंग्रजी 3 आणि 8 सारखाच दिसतो. मूल चुकत नाही, कागद चुकतो. बाकी सगळ्या सोयी-गैरसोयींपेक्षा मी याच गोष्टीला जास्त वजन देतो ते म्हणूनच.

उपाय अगदी साधे आहेत. पूर्णविराम हवाच असेल तर तो चौकटीच्या आत, समीकरणाच्या शेवटी द्या. अपूर्णांक मोठाच राहतो. उदाहरणाचा क्रमांक आणि गुण एकाच ओळीत हवे असतील तर तीन रकान्यांचा तक्ता घाला: पहिल्यात क्रमांक, मधल्यात फक्त समीकरण, तिसऱ्यात गुण. मग तक्त्याच्या कडा ‘नो बॉर्डर’ करून घालवा. मधल्या रकान्यात समीकरण एकटं असल्यामुळे ते डिस्प्लेच राहतं. ते आपोआप मध्यभागी जातं. डावीकडे हवं असेल तर चौकटीच्या उजव्या कडेच्या बाणावर जाऊन जस्टिफिकेशनमध्ये ‘लेफ्ट’ निवडा. वाक्याच्या पोटातच अपूर्णांक हवा असेल, ‘आईने ३/४ किलो साखर आणली’ असा, तर तो इनलाइनच राहणार. अशा वेळी फक्त ती चौकट निवडून अक्षराचं माप १२ वरून १६ करा. ओळ थोडी उंच होते, होऊ द्यावी.

पहिले दोन महिने मी हाच तक्ता सगळ्यांना सांगत होतो. आता निम्म्या कामाला तो लागत नाही, कारण # चं चिन्ह सापडलं. समीकरण संपल्यावर चौकटीच्या आतच #[२] टाइप करून एंटर दाबा. समीकरण मध्यभागी पूर्ण मापात राहतं आणि [२] उजव्या समासाला जाऊन चिकटतं. ही सोय मुळात समीकरणांना क्रमांक देण्यासाठी आहे, पण प्रश्नपत्रिकेतल्या गुणांसाठी ती जणू बेतूनच केली आहे. हे जुन्या आवृत्त्यांत चालत नाही, २०१६ नंतरच्या वर्डमध्ये चालतं. तक्ता आता फक्त दोन उदाहरणं शेजारी-शेजारी मांडायची असतील तेव्हाच घालतो.

टाइप करताना कळफलक इंग्रजीवर हवा. इन्स्क्रिप्ट हा मराठी कळफलक चालू असेल तर बॅकस्लॅशच्या कळीतून ‘ॉ’ उमटतो, आणि बॅकस्लॅशने सुरू होणारी एकही आज्ञा चालत नाही. विंडोज आणि स्पेस दाबून कळफलक बदला, मग लिहा. कंसाचंही ध्यानात ठेवा: (३+५)/२ लिहून स्पेस दिली की कंस गळून जातो, कारण वर्ड त्याला फक्त ‘हे सगळं अंशात घे’ अशी खूण समजतो. छापात कंस दिसायला हवा असेल तर ((३+५))/२ असे दुहेरी द्या. मिश्र अपूर्णांकात तर हमखास फसगत होते. अडीच लिहायला सलग २१/२ टाइप केलं की एकवीस छेद दोन तयार होतो. आधी २ लिहा, मग रिबनवर, म्हणजे वरच्या बटणांच्या पट्टीवर, फ्रॅक्शनचा उभा साचा घेऊन त्याच्या दोन चौकोनांत १ आणि २ भरा. तिरकी रेघ मारून स्पेस दिली तरी अपूर्णांक बनतच नसेल, तर कुणाच्या तरी हातून रिबनवरचं ‘लेटेक’, म्हणजे समीकरण टाइप करायची दुसरी पद्धत, दाबलं गेलेलं असतं. शेजारचं ‘युनिकोडमॅथ’ दाबा.

मराठी आकडे घालायचे की इंग्रजी, यावर माझं मत बदललं. आधी वाटायचं की मराठी शाळेच्या पत्रिकेत चौकटीच्या आतही मराठीच आकडे हवेत. पण चौकटीतला केंब्रिया मॅथ हा फाँट देवनागरीचा नाही. वर्ड दुसरीकडून आकडे उसने आणतो आणि ते जाडीला, उंचीला वेगळे दिसतात. मराठीच हवे असतील तर ‘नॉर्मल टेक्स्ट’ दाबून त्या आकड्यांना निर्मला यूआय हा देवनागरी फाँट दिला की जमतं. शब्द मात्र आत घालू नयेत. ‘म्हणून’, ‘चौ. सेमी’ असं काही आत लिहिलं तर काना-मात्रा जागेवर राहतील याचा भरवसा नाही. शब्द बाहेर, गणित आत, एवढं पाळलं की निम्मी डोकेदुखी जाते. जुन्या श्री-लिपीच्या फाइलीतला मजकूर तर चौकटीत मुळीच चिकटवू नका. तो फाँट नॉन-युनिकोड, म्हणजे रोमन अक्षरांनाच मराठी आकार देणारा, चौकट स्वतःचाच फाँट लावते, आणि हाती फक्त निरर्थक रोमन अक्षरं येतात.

अंश वरून कापला जातो, ती तक्रार वेगळी. मंगल फाँटची ओळ मुळातच उंच. कागद वाचवायला लोक परिच्छेदाच्या लाइन स्पेसिंगमध्ये ‘एग्झॅक्टली’ १८ पॉइंट देतात, आणि मग त्या ओळीतल्या उभ्या अपूर्णांकाचं डोकं उडतं. ‘ॲट लीस्ट’ निवडा, आकडा तोच ठेवा. साध्या ओळी दाटच राहतात आणि अपूर्णांकाची ओळ तेवढी उघडते.

आता जुन्या प्रश्नसंचांबद्दल. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या फाइलींतली समीकरणं ‘इक्वेशन ३.०’ मध्ये केलेली असतात. त्यावर डबल क्लिक केलं की तो उपलब्ध नसल्याचा निरोप येतो. त्या जुन्या एडिटरमध्ये सुरक्षेची गंभीर त्रुटी सापडली. नोव्हेंबर २०१७ मध्ये तिच्यावर दुरुस्ती आली आणि जानेवारी २०१८ च्या अपडेटने तो ऑफिसमधून काढूनच टाकला. तेव्हा पुन्हा इन्स्टॉल करत बसण्यात अर्थ नाही. मॅथटाइप या समीकरणं लिहायच्या विकतच्या सॉफ्टवेअरचं वार्षिक वर्गणीचं पॅकेज घ्या, असा सल्ला आधी मीही देत होतो. तो आता मागे घेतो, शाळेच्या कामासाठी पैसे घालवायची गरज नाही. सबस्क्रिप्शनच्या नव्या वर्डमध्ये त्याच डबल क्लिकवर ‘ऑफिस मॅथमध्ये बदलू का’ असं विचारलं जातं, आणि सगळ्या समीकरणांना एकदमच लावायची खूणही तिथेच असते. एकदा विकत घेतलेला जुना वर्ड असेल तर लिब्रेऑफिस हे वर्डसारखंच सॉफ्टवेअर फुकट आहे. टूल्स, ऑप्शन्स, लोड/सेव्ह, मायक्रोसॉफ्ट ऑफिस इथे जाऊन मॅथटाइपसमोरची पहिली खूण करा, .डॉक फाइल उघडा आणि नव्या वर्ड स्वरूपात साठवा. नंतर वजा चिन्हं, कंस आणि मोकळ्या जागा एकेक करून तपासा.

नवीन समीकरणाचं बटणच राखाडी असेल तर वर शीर्षकात ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ दिसतो का ते बघा. फाइल, इन्फो, कन्व्हर्ट. नंतर ती फाइल पुन्हा .डॉक म्हणून साठवू नका, समीकरणांची चित्रं होतात.

छपाईला कधीही वर्डची फाइल नेऊ नका. गोव्यात, फोंड्याच्या बाजारातल्या एका झेरॉक्सवाल्याच्या मशिनवर मंगल नव्हता. विंडोज १० पासून तो ऐच्छिक देवनागरी फाँटांच्या पूरक संचात गेला आहे, आणि तो संच घातलेला नसेल तर दुसरा फाँट येऊन ओळी सरकतात. त्या दिवशी दोन पानांची पत्रिका तीन पानांवर गेली. ऐंशी मुलांमागे ऐंशी पानं वाढली, आणि पैसे पूर्ण तीन पानांचे मोजावे लागले. पीडीएफ करून न्या, फाँट आतच राहतात. आणि सत्तरी-डिचोलीकडे पावसात वीज जाते तेव्हा ऑटोरिकव्हरची, म्हणजे काम आपोआप जपून ठेवायच्या सोयीची, मूळची १० मिनिटं फार होतात. फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथे ती २ करा.

छापण्याआधी एक पान १०० टक्क्यांवर काढून हातभर अंतरावर धरा. छेदातला 3 आणि 8 वेगळा ओळखू येत नसेल तर कुठेतरी चौकटीबाहेर पूर्णविराम राहिला आहे.