इंदूरचं एक वधू-वर सूचक केंद्र: साधी नोंदणी घ्या, पॅकेज नको

भावासाठी मुलगी बघतोय म्हणून सुदामा नगरकडच्या एका मराठी वधू-वर सूचक केंद्रात नाव नोंदवलं, केंद्राचं नाव लिहीत नाही कारण थोडी कुरकुर पण करणारे. साध्या नोंदणीत बायोडाटा फाइलला लागतो आणि रविवारच्या परिचय बैठकीला बोलावतात, महागड्या पॅकेजमध्ये "तुमच्या अपेक्षेप्रमाणे निवडलेली स्थळं" व्हॉट्सॲपवर येतात. पहिलं घ्या, दुसऱ्यात पैसे घालू नका, का ते सांगते.

आधी फॉर्म बघा. वर्णाचे चार चौकोन, गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, मग उंची, चष्मा, रास, नक्षत्र, गण, नाड, मंगळ, आणि सगळ्यात खाली "अपेक्षा" साठी जेमतेम दीड ओळ. फाइल चाळली तर जवळपास सगळ्या मुलांनी त्यात तेच ते लिहिलंय, सुस्वरूप, सडपातळ, वयाने लहान, गृहकृत्यदक्ष, आणि हल्ली वर नोकरी करणारी पण हवी. एका महाशयांनी "गोरी" खोडून "स्मार्ट" लिहिलंय, खालचं गोरी अजून स्वच्छ वाचता येतं.

आता मी सायकॉलॉजीत एम.ए. केलंय, त्यामुळे ही फाइल हातात आल्यावर डेव्हिड बस हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आठवणारच. त्याचा 1989 मध्ये छापलेला अभ्यास, 37 संस्कृतींमधल्या 10,047 लोकांना जोडीदारात काय हवं ते विचारलेलं, भारत पण होता त्यात. वयाने लहान बायको हवी हे पुरुषांनी 37 च्या 37 ठिकाणी सांगितलं, सरासरी अडीच-पावणेतीन वर्षांनी लहान. दिसण्याला बायकांपेक्षा पुरुषांनी जास्त महत्त्व दिलं, 34 ठिकाणी तर हा फरक ठळक होता. माणसाच्या आवडीनिवडी उत्क्रांतीवरून समजावणाऱ्यांचं म्हणणं असं की बाईची मूल होण्याची क्षमता वयासोबत घटते आणि ती डोळ्यांना थेट दिसत नाही, म्हणून तुकतुकीत कातडी, दाट केस, चालण्यातला जोम असल्या खुणांवर पुरुषाची नजर घडत गेली, आणि लग्न म्हणजे एकाच बाईत वर्षानुवर्षं वेळ-पैसा घालायचा, तर पुढची मूल होण्याची वर्षं किती शिल्लक हे आणखीच मोलाचं. केंद्रवाल्या काकूंना यातलं काही माहीत नाही पण त्या सहज बोलून गेल्या, "अगं, मुलगा अडतीसचा होतो पण त्याला मुलगी पंचवीसचीच लागते, ती काही वाढत नाही." केनरिक आणि कीफ या संशोधकांनी 1992 मध्ये लग्नाच्या वगैरे जाहिराती तपासून हेच मांडलंय, पुरुषाचं वय वाढतं तसं त्याला हवं असलेलं अंतर पण वाढत जातं.

इथपर्यंत फॉर्म आणि शास्त्र दोघं गळ्यात गळे. गडबड पुढे आहे. बसच्याच यादीत सगळे देश एकत्र धरले तर पुरुषांनी सगळ्यात वर ठेवलंय परस्पर प्रेम, मग भरवशाचा स्वभाव, मग भावनिक स्थैर्य आणि समज, मग मनमिळाऊपणा. रूप त्याच्या खाली. बायकांचे पण वरचे चार हेच. म्हणजे पुरुषाला पहिल्यांदा जे हवंय त्याला फॉर्मवर एक चौकोन नाही, आणि चष्म्याला आहे!

"गृहकृत्यदक्ष" चं तर वेगळंच. ईगली आणि वूड या दोघी मानसशास्त्रज्ञांनी 1999 मध्ये बसचेच आकडे पुन्हा तपासले, तर जिथे बायकांना जास्त बरोबरी आहे तिथे स्वयंपाक-घरकाम येणारी हवी यातला स्त्री-पुरुष फरक कमी निघाला, वयाच्या अंतराचा हट्ट पण कमी, दिसण्याचा मात्र फारसा हलला नाही. त्यामुळे कोणी तुम्हाला पोळ्या करणारी बायको हवी हे निसर्गानेच लिहून ठेवलंय असं ऐकवलं ना भिया, तर ऐकून सोडून द्या.

पॅकेजवर माझा राग इथेच आहे. ते दीड ओळीवरूनच गाळतात. भावाने "28 च्या आतली" लिहिलेलं, तर व्हॉट्सॲपवर सगळ्या 28 च्या आतल्या, त्यात एकच फोटो पुन्हा पुन्हा आणि एकीचा तर साखरपुडा होऊन गेलेला, विचारलं तर "अपडेट व्हायचंय". आणि बैठकीत हाच भाऊ कोणाशी तासभर बोलत बसला तर 32 च्या मुलीशी, जी या गाळणीतून त्याच्यापर्यंत कधी आलीच नसती. यात नवल काही नाही, ईस्टविक आणि फिंकेल या संशोधकांनी 2008 मध्ये स्पीड डेटिंगवर (एकेकाशी थोडी थोडी मिनिटं बोलायचं, मग पुढचा) अभ्यास केला त्यात मुलांनी आधी रूप रूप केलं, मुलींनी कमाई कमाई केली, पण समोरासमोर बसल्यावर कोण आवडलं याचा त्या सांगितलेल्या आवडींशी मेळच बसेना.

बैठक खरंच छान असते. हॉल छोटा आहे, पंखे आवाज करतात, पण काकू आईवडिलांना पोहे-जिलबीच्या टेबलाशी गुंतवून ठेवतात आणि मुलामुलींना गच्चीत पाठवतात, मध्ये कोणी डोकावलं तर सरळ हाकलतात. साखरपुडा झालेला बायोडाटा पण कागदाच्या फाइलमधून लगेच काढतात, मोबाइलवरचं काम भाचा बघतो तिथे सगळा घोळ.

साध्या नोंदणीला पाचपैकी चार, पॅकेजला एक. जाणार असाल तर स्कूटरने जा, गल्लीत गाडी लावायला जागा नाही, आणि अपेक्षेच्या ओळीत वय लिहूच नका, काकू विचारतील तर सांगा बैठकीत बघू.