नऊ महिने झाले एलईडी लावून, वॅट बघून घेतले तिथंच चुकलो

गेल्या दिवाळीआधी घराला रंग दिला तेव्हा लाईटी पण सगळ्या बदलून टाकल्या. शिवाजी पेठेतलं जुनं घर, दिवसाढवळ्या सुद्धा आतल्या खोलीत लाईट लावावी लागते, त्यामुळं आमच्याकडं हा विषय मोठाच.

दुकानात नेहमीसारखं म्हणलं नऊ वॅटचे द्या, एका कंपनीचे चारच होते म्हणून तीन दुसऱ्याचे घेतले. घरी लावून बघतो तर एक लख्ख आणि दुसरा मरगळलेला, वॅट दोन्हीवर ९ च! मग खोकी वाचली. एकावर ९०० ल्युमेन, दुसऱ्यावर ७२०. वॅट म्हणजे खातो किती, ल्युमेन म्हणजे उजेड देतो किती, एवढं कळायला माझं निम्मं आयुष्य गेलं. जुन्या ६० च्या पिवळ्या बल्बएवढा उजेड पाहिजे तर ८०० च्या आसपास ल्युमेन बघून घ्या, वॅट राहू दे बाजूला. खोक्यावरचे स्टार पण एका वॅटला ल्युमेन किती यावरच असतात.

स्वयंपाकघरात हौसेनं ३००० केल्विनचा पिवळसर लावला (केल्विन म्हणजे उजेडाचा रंग, आकडा वाढेल तसा पांढरा). आई दुसऱ्याच दिवशी म्हणाली, अरे रश्श्याला तर्री आलीय का न्हाई कळंना, सगळंच तांबडं दिसतंय. तिथं आता ४००० चा आहे. पिवळा काढून दारात लावला आणि तिथं मात्र नाद खुळा, पावसाळ्यात पांढऱ्या लाईटवर किडं तुटून पडतात तसं याच्यावर कमी येतात.

चार महिन्यांत एक गेला. हॉलमधल्या बंद काचेच्या गोळ्यात होता. त्याच खोक्यातला उघड्या होल्डरचा अजून मस्त चालतोय, म्हणजे दोष गरमीचा. एलईडी सहसा जळत नाही, आतला ड्रायव्हर, म्हणजे त्याला वीज पुरवणारं सर्किट, तापून मरतो. दुकानदारानं घेतानाच बल्बवर मार्करनं तारीख टाकली होती म्हणून वॉरंटीत गुपचूप बदलून मिळाला. तारीख टाकून घ्याच.

बिलाचं म्हणाल तर बल्बपेक्षा ट्यूबनं जास्त वाचवलं. जुनी पट्टी ४० ची, वर चोक खाणार तो वेगळा, म्हणजे ५० च्या वर. तिच्या जागी २० ची आली. रोज सहा तास धरले तर एका ट्यूबमागं महिन्याला पाचसहा युनिट, आमच्या तीन आहेत, करा हिशोब. आणि देवघरातला झिरोचा बल्ब, जो नावालाच झिरो, खातो १५ वॅट! रात्रभर चालायचा, साडेचार युनिट तिथंच. आता अर्ध्या वॅटचा आहे. पण गिझर तेवढाच चालतोय, त्यामुळं बिल निम्मं होईल असल्या भ्रमात राहू नका.

एक भानगड अजून आहे. जिन्यातला बल्ब स्विच बंद केला तरी मंद पेटलेला राहतो, पोरगी भूत म्हणते. वायरमन बघून गेला, म्हणाला स्विच फेजवर नाही, न्यूट्रलवर जोडलाय, म्हणजे बंद केला तरी होल्डरात करंट राहतोच. जुन्या बल्बात ते कधी दिसलंच नसतं. तोवर बल्ब काढताना मेन स्विच पाडूनच काढा असं बजावून गेलाय, पाऊस उघडला की येतो म्हणाला.