इंटरसेप्टर ६५० : आठ महिने आणि हातातल्या मुंग्या

कराडला चहाला थांबलो तेव्हा उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट माझं आहे यावर विश्वास बसत नव्हता. कप डाव्या हातानं उचलला. पुण्याहून कोल्हापूरला निघालो होतो आणि वाटेतच हँडलच्या थरथरीनं ही गत.

गाडी रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर ६५०, दोन सिलिंडरची बाइक, सेकंडहँड. आठ महिन्यांत साडेसात हजार किलोमीटर झाले. पहिले दीड हजार लोण्यासारखे गेले, म्हणजे गाडी मुळात अशी थरथरणारी नव्हती. मग मी हौसेनं दोन गोष्टी केल्या: एका दुकानातून क्रॅशगार्ड (गाडी पडली तर इंजिन वाचवणारा पाइप) बसवून घेतला आणि आरसे काढून हँडलच्या टोकाला बसणारे गोल आरसे लावले. कोल्हापूरची फेरी त्यानंतरची. पण तेव्हा हे दोन आणि दोन चार काही डोक्यात आले नाहीत.

आधी चुकीच्या ठिकाणी घातलेले पैसे सांगतो. जेलच्या ग्रिप घेतल्या. मुंग्यांना गादी मिळाली, बाकी काही नाही. उलट ग्रिप जाड झाल्यामुळे मनगट दुखायला लागलं. मुदतीआधी ऑइल बदललं. दोन्ही चाकं बॅलन्स करून आणली. यातलं चाकांचं काम तर साध्या गणितानं वाचलं असतं. मागच्या चाकाचा घेर साधारण दोन मीटर, म्हणजे शंभरच्या वेगाला चाक सेकंदाला चौदाएक वेळा फिरतं. साडेचार हजार आरपीएमला, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांना, क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनातला दांडा) सेकंदाला पंचाहत्तर वेळा फिरतो. चाकाचा दोष धडधड होऊन येतो, बुडाला कळतो. माझ्या हाताला येत होती ती झिणझिण.

शेवटी ओळखीच्या गॅरेजवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी पाना उचललाच नाही. "स्टँडवर लावा, न्यूट्रलला चार-साडेचार हजाराला धरा." धरलं. चाक जागेवर आणि हँडलला तीच झिणझिण! मग म्हणाले, एक चक्कर मारून या. चौथ्या, पाचव्या, सहाव्या गिअरला आरपीएमचा काटा त्याच जागी आणा. तिन्ही वेळा वेग वेगळा, थरथर तीच. सहाव्यात क्लच दाबून गाडी नुसती घरंगळू दिली, आरपीएम पडले आणि हात शांत. चेन, टायर, चाकाचे बेअरिंग, सगळे एका फेरीत निर्दोष सुटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिन चालू करून काकांनी दोन्ही सायलेन्सर पाइपांवर इंजिनाजवळ पाण्याचे थेंब टाकले. दोन्हीकडे एकाच वेळी चर्र झालं. एक पाइप मागे राहिला असता तर त्या बाजूचा सिलिंडर नीट जळत नाही, प्लग किंवा प्लगची कॅप बघा, असा अर्थ. इथे तेही नव्हतं.

इथे थोडं इंजिनाबद्दल. पॅरलल ट्विन, म्हणजे शेजारी-शेजारी दोन सिलिंडर असलेलं इंजिन, म्हटलं की सगळ्या एकसारख्या नसतात. जुन्या ब्रिटिश ट्विनमध्ये दोन्ही पिस्टन एकदम वर, एकदम खाली, त्यामुळे हादरा मोठ्या एका सिलिंडरच्या इंजिनासारखाच. आपल्या राजदूत ३५० मध्ये एक वर तर एक खाली. हादरे एकमेकांना खातात, पण इंजिन डावी-उजवीकडे डोलू बघतं. इंटरसेप्टरचा क्रँक २७० अंशांचा, म्हणजे दोन पिस्टनमध्ये पाऊण फेरीचं अंतर. एक पिस्टन टोकाला थबकतो तेव्हा दुसरा मधल्या पट्ट्यात भरधाव असतो. त्यामुळे क्रँकच्या दुप्पट वेगानं येणारी बारीक थरथर जवळपास मरते आणि उरलेल्या हादऱ्यासाठी आत बॅलन्सर शाफ्ट, म्हणजे उलटा हादरा देऊन तोल साधणारा दांडा, आहे. अशा इंजिनाच्या गाडीनं दीड हजार किलोमीटर गप्प राहून अचानक बोलायला लागावं, तर काकांच्या मते कारण बाहेर शोधायचं.

त्यांनी चालू गाडीवर तळवा फिरवला. इंजिन, फ्रेम, टाकीची कड, आणि मग क्रॅशगार्ड. "इथं हात लावा." पाइप सतारीच्या तारेसारखा वाजत होता. खोलला तेव्हा उलगडलं: गार्डची भोकं काही मिलिमीटर चुकलेली, बसवणाऱ्यानं टॉमी (लोखंडी पहार) घालून ओढून बसवलेला, आणि तोही इंजिन फ्रेमला धरणाऱ्याच बोल्टमध्ये. म्हणजे इंजिन फ्रेममध्ये पिळून बसलेलं. काकांनी गार्ड बाजूला ठेवला, इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा घालून जॅक दिला, सगळे माउंटिंग बोल्ट सैल केले, इंजिन हलवून आपल्या जागी बसू दिलं, सगळे बोल्ट आधी हातानं लावले आणि मग थोडे थोडे करत टॉर्क पान्यानं (किती जोरानं आवळलं ते दाखवणारा पाना) मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळले. दीड तास. निम्मी थरथर तिथेच गेली.

उरलेली निम्मी माझी. आरसे लावताना हँडलच्या टोकाची कंपनीची वजनं मी भंगार समजून डब्यात टाकली होती. शाळेत बाकाच्या कडेला फूटपट्टी दाबून टंग वाजवायचो ना? तिच्या टोकाला खोडरबर अडकवला की ती सावकाश हलते. ही वजनं तेच करतात, हँडलची स्वतःची थरथरायची जागा आपल्या रोजच्या आरपीएमपासून लांब नेतात. वजनं परत लावली, जुने आरसे परत आले, आणि त्यात आता मागच्या ट्रकचा नंबर वाचता येतो. आधी नुसता रंग कळायचा.

मोबाइल मात्र हँडलवर लावणं बंद केलंय. ॲपलनं २०२१ मध्येच सांगितलं होतं की बाइकच्या इंजिनाच्या थरथरीनं आयफोनच्या कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन (फोटो हलू न देणारी यंत्रणा) खराब होऊ शकतं. आता नकाशा कानात ऐकतो.

क्रॅशगार्ड घेऊन दुकानात गेलो, चुकलेली भोकं दाखवली. तो म्हणाला, "पण बसला होता ना, दादा?" पैसे अर्थातच परत नाहीत. गार्ड माळ्यावर आहे.

त्यानंतर सहा महिने झाले. कोल्हापूर दोनदा, महाबळेश्वर एकदा. साडेपाच हजाराच्या पुढे डाव्या फूटपेगला अजून थोडी गुदगुली येते. काका म्हणतात, तेवढी राहू द्या.