स्लीव्ह की बायपास: दाह आणि ऑक्सिडेटिव्ह ताणाच्या दृष्टीने

वजन कमी करण्याच्या या दोन शस्त्रक्रियांपैकी स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात, तर गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराची लहानशी पिशवी करून ती लहान आतड्याला पुढे जोडतात. दोन्हींनंतर काही दिवस रक्तातील सीआरपी (दाह, म्हणजे शरीरातली सूज, दाखवणारे प्रथिन) वाढते. चरबी घटू लागली की दाह आणि ऑक्सिडेटिव्ह ताण (ऑक्सिजनच्या अतिक्रियाशील रेणूंचा पेशींवर पडणारा भार) सहसा उतरतात. खरा फरक शोषणात आहे: बायपासमध्ये अन्न आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून जात असल्याने तांबे, जस्त, सेलेनियम यांची उणीव अधिक संभवते, आणि हा ताण रोखणाऱ्या अँटिऑक्सिडंट विकरांना (एन्झाइमना) नेमकी हीच द्रव्ये लागतात. स्लीव्हमध्ये ही जोखीम कमी, पण छातीतली जळजळ वाढून अन्ननलिकेलाच दाह होऊ शकतो. जळजळ आधीपासूनच असेल, तर माझ्या मते बायपास बरा. पूरक गोळ्या तशाही स्लीव्हनंतरसुद्धा घ्याव्याच लागतात.