मेगालोडॉन की ग्रेट व्हाइट?

रविवारी भाच्याने जुन्या बाजारातून शार्कचा दगड झालेला दात आणला आणि "मामा, मेगालोडॉन!" म्हणून नाचायला लागला. मेगालोडॉन म्हणजे नामशेष झालेला महाकाय शार्क; ग्रेट व्हाइट हा आजही समुद्रात असलेला मोठा शार्क. (पुण्याच्या काळ्या पाषाणात असला दात सापडायचा नाही, हा सगळा लाव्हा. कच्छकडे सापडतात.)

आकाराला भुलू नका. मेगालोडॉनचा दात १७ सेंटिमीटरपर्यंत जातो, ग्रेट व्हाइटचा सहा-सातच्या पुढे क्वचितच. पण मेगालोडॉनच्या पिल्लाचे दातही लहानच असतात. त्यापेक्षा कडेवरून नख फिरवा. मेगालोडॉनची कड बारीक, एकसारख्या दात्यांची, नाण्याच्या कडेसारखी लागते. ग्रेट व्हाइटची भरड, करवतीसारखी. आणि पात्याच्या मुळाशी, आतल्या बाजूला बघा: मेगालोडॉनला तिथे गडद, मधे खाली झुकलेला पट्टा असतो, ग्रेट व्हाइटला नसतो. माझा सगळा भरवसा या पट्ट्यावर. फक्त झिजलेल्या दातावरून तो उडालेला असू शकतो. जाडीचं म्हणाल, तर ग्रेट व्हाइट चपटा, एवढं पुरे.

भाच्याच्या दाताला पट्टा नाही, कड खरखरीत. ग्रेट व्हाइटच. पोराचं तोंड एवढंसं झालं, पण दात काही त्याने हातातून सोडला नाही.