इतिहास मेथड घेऊन बी.एड. : चौदा महिन्यांनंतर

एम.ए. इतिहास झाल्यावर नाशिकमध्येच बी.एड.ला प्रवेश घेतला, त्याला आता चौदा महिने होतील. दुसऱ्या वर्षाची आंतरवासिता, म्हणजे शाळेत जाऊन शिकवण्याचा सराव, सुरू आहे. इतिहास मेथड (म्हणजे शिकवायला शिकण्यासाठी निवडायचा शालेय विषय) घ्यावी का, असं बी.एड.ची सीईटी देणारे बरेच जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

सुरुवात सूक्ष्म अध्यापनाने, म्हणजे छोट्या गटासमोर काही मिनिटांच्या सराव पाठाने होते. ३६ मिनिटांचं चक्र असतं: ६ मिनिटं शिकवायचं, ६ मिनिटं सूचना ऐकायच्या, १२ मिनिटांत टाचण (पाठाचा लेखी आराखडा) सुधारायचं, परत ६ मिनिटं शिकवायचं आणि परत ६ मिनिटं ऐकायचं. सातवाहनांवर मी पानंच्या पानं लिहू शकत होते, पण सहा मिनिटांत एक मुद्दा मुलांच्या गळी उतरवणं पहिले काही आठवडे मला जमलं नाही.

मग सहावीवर सातवाहनांचा पाठ आला. मी पुस्तकातलं चित्र मोठं करून नेणार होते. टाचण तपासताना आमच्या मेथडच्या मॅडम म्हणाल्या, "अगं, पांडवलेणी इथे हायवेला असताना चित्र कशाला?" रविवारी गेले. दहाव्या लेण्यात शक क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा ब्राह्मी लेख आहे. त्याने भिक्षूंसाठी ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, कायमचे ठेवले. त्यातले २००० दरमहा शेकडा एक व्याजाने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. या २०००च्या व्याजातून पावसाळ्यात तिथे राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण कापडासाठी द्यायचे.

वर्गात एवढंच फळ्यावर लिहिलं आणि हिशोब करायला सांगितला. महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस भिक्षू गुणिले बारा, तेही २४०. सगळा वर्ग एकदम बोलायला लागला. एका मुलीने विचारलं, "पैसे राजाच्या माणसाचे, मग विणकरांकडे का ठेवले?" एकजण म्हणाला, "विणकर बुडाले तर?" व्यापार, श्रेणी, पत हे सगळं त्या दोन प्रश्नांतून निघालं. माझं टाचण अर्धंच वापरलं गेलं.

पुढच्या तासाला तिसरं लेणं घेतलं. तिथल्या लेखात गौतमी बलश्री आपल्या मुलाने, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने, क्षहरातांचा वंश निःशेष केला असं कोरून ठेवते. नहपान क्षहरातच. म्हणजे दोन शत्रूंची लेणी एकाच डोंगरात, आणि दोघंही आपापली बाजू सांगणारे. आईने मुलाचं कौतुक लिहिलं तर ते किती खरं मानायचं, हे मुलांनीच विचारलं. तेव्हा १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी इथे सापडलेल्या नाण्यांबद्दल सांगितलं: १३ हजारांहून जास्त चांदीची नाणी नहपानाची, आणि त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला ठसा परत मारलेला. साधनं पडताळून पाहणं म्हणजे काय, हे एम.ए.त मी वाचलं होतं. ते बारा वर्षांच्या मुलांकडून घडताना इथे पाहिलं. या कोर्सची माझ्या लेखी किंमत ही आहे.

त्रास होतो तो फायलींचा. एकेका पाठाचं टाचण दोनदा सुवाच्य अक्षरात उतरवायचं, समास आखायचे, सह्यांसाठी थांबायचं. सीनियरची टाचणं जशीच्या तशी उतरवणारेही बरेच आहेत, आणि ते पकडलं जात नाही याचं मला वाईट वाटतं. दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून ४० गुणांचा पेपर, त्यामुळे शाळेत आमच्या वाट्याला बहुधा शेवटचा तास येतो. मुलांना लेणी दाखवायला न्यायची परवानगी तर मिळालीच नाही.

नोकरीचं स्पष्ट सांगते. बी.एड.नंतर सहावी ते आठवीसाठी टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) दुसरा पेपर द्यावा लागतो. तो १५० गुणांचा, खुल्या प्रवर्गाला ६० टक्के लागतात. अनुदानित शाळेसाठी पुढे शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी आणि भरतीचं सरकारी पवित्र पोर्टल. नुसत्या इतिहासावर जागा कमी निघतात. मी दुसरी मेथड मराठी घेतली, ते बरं झालं.

दोन वर्षांत मिळून किमान २० आठवडे शाळेत जातात. म्हणून कॉलेज निवडताना इमारत आणि निकाल पाहण्याआधी दोन गोष्टी विचारा: सराव पाठ कोणत्या शाळेत होतात, आणि मेथडचे प्राध्यापक पाठ पाहायला स्वतः येतात का. माझ्या आतापर्यंतच्या पाठांपैकी अकरा पाठांना मॅडम मागच्या बाकावर बसून होत्या. त्यांच्या लाल शाईच्या सूचना असलेली ती अकरा टाचणं मी वेगळी बांधून ठेवली आहेत.